एका भिंतीवरचे दोन मीटर

दिगूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी मीटरची विचारपूस करत, मग माणसांची. ओटीवर पाय ठेवायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, काचेवर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "काय रे, बरो मा?" मीटरचा तांबडा दिवा लुकलुकला की समाधानाने यजमानाकडे वळायचं. एकदा साखरपुड्याला आले, मीटरला भेटले, सरबत प्यायले आणि गेले. नवरीमुलगी कोणती होती, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं!

मालवणच्या वीज कार्यालयात ते मीटर तपासायचे आणि मी कारकुनी करायचो. इलेक्ट्रॉनिक मीटर नुकतेच आले होते. कुठल्या तासाला किती वीज वापरली ते सगळं हे मीटर पोटात साठवत, पण ओकत फक्त आपल्याच कंपनीच्या यंत्रापुढे. दुसऱ्याचं यंत्र लावलं की तोंडाला कुलूप. मग काका खांद्यावरची केबलींनी फुगलेली पिशवी आपटत आणि गर्जत, "एकाच तारेवर जगतत आणि एकमेकांशी बोलनत नाय!"

हे वाक्य आलं की आम्ही सगळे जमिनीकडे बघायचो.

कारण काकांच्या स्वतःच्या घराच्या मधोमध भिंत होती. अलीकडे काका आणि काकी, पलीकडे धाकटा भाऊ बाबल, एकटाच. हद्दीवरच्या एका माडावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. तो माड वादळात पडला त्यालाही बरीच वर्षं झाली. भांडण मात्र ताठ उभं होतं. ओटी तेवढी सामाईक, आणि तिच्या भिंतीवर दोन मीटर, दोन वेगळ्या कंपन्यांचे.

अशात बातमी आली. मीटरवाल्या कंपन्यांनी एकत्र बसून सगळ्या मीटरांसाठी एकच बोली ठरवली होती आणि तिची चाचणी आमच्याकडे व्हायची होती. काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता. ते पोरासारखे नाचले. "एकाच भिंतीवर दोन कंपन्यांचे मीटर हवेत," असं साहेब म्हणाले, तेव्हा काकांनी शाळकरी मुलासारखा हात वर केला.

ठरल्या दिवशी कसालवरून गाडी आली. तीन कंपन्यांचे तीन इंजिनियर उतरले. एक टायवाला, एक गॉगलवाला आणि तिसरा, ज्याने काकींनी पुढे केलेल्या गुळाच्या खाज्याच्या ताटाशी लगेच सामाईक बोली जुळवली. यंत्र त्याचंच होतं.

ते काकांच्या मीटरला लावलं. आकडे धो धो आले. टाळ्या! मग बाबलच्या मीटरला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. ढिम्म.

"यंत्रात दोष आहे," बाबलच्या मीटरच्या कंपनीचा टायवाला म्हणाला.

"मीटर मुका आहे," खाजंवाला भरल्या तोंडाने म्हणाला.

"तरी मी बैठकीतच सांगत होतो," गॉगलवाला म्हणाला. त्याने काय सांगितलं होतं ते कुणालाच आठवेना.

आवाज चढले. पलीकडच्या दाराआड बाबलची सावली येऊन उभी राहिली. काकांचा चेहरा मी पाहिला, एवढासा झाला होता. मग ते एकदम उठले. "गाऱ्हाणा घालूक नाय, मगे चलतला कसा?" आतून नारळ आणला, मीटरखाली ठेवला, हात जोडले आणि आमच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मालवणी मुलखात देवापुढच्या गाऱ्हाण्याला हुंकार देणं कुणाला चुकत नाही. आम्ही सरसावलो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तीन कंपन्यांची लेकरा हयसर जमली आसत, तेंका एक बोली बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता खाजंवालाही सामील.

काका डोळे मिटून पुढे म्हणाले, "आणि कोणाकडसून काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," टायवाला पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला. "ते... नवीन प्रोग्राम मी या मीटरमध्ये टाकलाच नाही. म्हटलं, आधी बाकीचे टाकतात का बघू." त्याने गुपचूप लॅपटॉप उघडला.

पण आम्ही त्याच्याकडे बघतच नव्हतो. त्याच हुंकारात दाराआडून आणखी एक आवाज आला होता. जाडाभरडा, बरेच दिवस न वापरलेला.

"व्हय म्हाराजा."

काका मीटरकडे तोंड करून तसेच उभे. पाच मिनिटांत बाबलच्या मीटरचे आकडे यंत्रावर धावू लागले. काकांनी चष्मा नाकावर आणला, बोट फिरवत वाचलं, आणि भिंतीला विचारावं तसं विचारलं,

"बाबल्या, रोज पहाटे तीनाक दिवो लावतस. काय झाला रे?"

पलीकडचं दार जरा किलकिलं झालं. मग, "झोप येणा नाय."

"मगे हाक मारूची मा. मी पण जागोच आसतंय."

"म्हायत आसा," बाबल दारात येत म्हणाला. "तुझो दिवो भिंतीच्या वरसून दिसता."

आत काकींनी चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतल्याचं मी ऐकलं. गॉगलवाला कागद पुढे करून उभा होता. "काका, अहवालात काय लिहू?"

काकांनी चष्मा काढून पुसला. आधी चष्मा, मग डोळे.

"लिवा," ते म्हणाले, "बोलतत."