आनंदी हजेरी आणि तांबू भेकर

एका जंगलात सगळे मजेत होते. म्हणजे तसं सागाच्या पानावर लिहिलेलं होतं, मुलांनो. खरं काय होतं ते आता ऐका. पण आधी जरा आत सरकून बसा. ओट्याच्या कडेला बसू नका, पडाल.

त्या जंगलात एक पहारा खातं होतं. बिबट्या आला की ओरडायचं, एवढंच त्या खात्याचं काम. झाडावरून वानरं ओरडायची, मोर ओरडायचे. पण सगळ्यात आधी ओरडायची ती तांबू. तांबू ही भेकर. भेकर म्हणजे छोटं हरीण, ते कुत्र्यासारखं भुंकतं. तिचं भुंकणं ऐकलं की सगळं जंगल पळायचं आणि वाचायचं. वाचल्यावर तिला कोणी काही म्हणायचं नाही. पळून दमलेले असायचे बिचारे.

या कामाबद्दल तांबूला राहायला करवंदीची जाळी मिळाली होती. दाट, काटेरी, बिबट्याचा पंजा आत जाणार नाही अशी. जोवर पहारा, तोवर जाळी, असा नियम होता. त्या जाळीत तांबूला पाडस झालं. दिवस भरायच्या आधीच झालं. एवढंसं, ओल्या पानासारखं. उभं राहायला गेलं की मागचे पाय लटपटायचे आणि ते बसायचं.

तेव्हापासून तांबूचं काहीतरी बिनसलं. वाळकं पान पडलं तरी तिच्या छातीत धडधडायचं. तोंडातलं गवत तोंडातच राहायचं. पाडस झोपलं की ते श्वास घेतंय का, हे ती बघायची. घेतंय असं दिसलं की परत बघायची.

त्याच सुमारास खात्याचे मुकादम पलीकडच्या डोंगरावर जाऊन आले. मुकादम म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, आणि बोलणं गोड.

"तिकडची जनावरं फार आनंदी आहेत," ते म्हणाले. "का आनंदी आहेत? तर रोज सकाळी तसं म्हणतात. आपणही म्हणायचं."

झाली सुरू आनंदी हजेरी. सकाळी सगळे रांगेत उभे राहायचे. मुकादम नाव घ्यायचे. 'हजर' म्हणायचं नाही, 'मजेत' म्हणायचं. मजेत म्हटलं की मुकादम पाठीवरचा एक काटा उपटून सागाच्या पानावर त्या नावापुढे भोक पाडायचे. काटा उपटताना त्यांना दुखायचं. पण तेही मजेत.

पहिल्या दिवशी तांबू हजेरीनंतर थांबली.

"साहेब, थोडं बोलायचं होतं."

"बोला. पण हसून बोला."

"छातीत सारखं धडधडतं, साहेब. खाणं जात नाही. मला थोडे दिवस लांबच्या वारुळाऐवजी जाळीच्या तोंडाशी पहारा द्या. पाडस डोळ्यांसमोर राहिलं तर जरा बरं वाटेल. काम सोडत नाही मी."

"भीती कशाची वाटते?"

"बिबट्याची."

"पहारा खात्यात राहून बिबट्याची भीती? चार लोकांत हे सांगू नका. खात्याची काय शोभा राहील?"

"भीती वाटते म्हणून तर मला त्याचा वास आधी येतो."

"तांबूबाई, हे सगळे मनाचे खेळ. हिरव्या गवताकडे बघत जा. मी रोज बघतो. मला होतं का काही?"

"मग तुमचे काटे सारखे उभे का असतात, साहेब?"

हे तिनं बोलायला नको होतं. पण झोप नसली की माणूस बोलून जातो. आणि जनावरही.

मुकादमांचे काटे होते त्याहून उभे राहिले. "उद्यापासून वारुळाच्याही पुढे उभ्या राहा," ते म्हणाले.

रांगेत तांबूच्या शेजारी झिपरी वानरीण असायची. मैत्रीणच ती. तिनं समजावलं, "अगं, मजेत म्हण नि मोकळी हो. म्हणायला काय जातं? मी तर शेपूट दगडाखाली आली होती तेव्हाही मजेत म्हटलं."

"मला जमत नाही गं."

"जमायला काय, तोंड उघडायचं."

दुसऱ्या दिवशी नाव आलं. तांबूनं तोंड उघडलं. "मजेत नाही," ती म्हणाली.

मुकादमांनी पान खाली धरलं, वर धरलं. मजेत नसणाऱ्यासाठी भोक कुठे पाडायचं हे त्यांना पलीकडच्या डोंगरावर कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी भोक पाडलंच नाही. भोक नाही म्हणजे गैरहजर.

असे पाच दिवस गेले. पाचही दिवस तांबू वारुळाच्या पुढे उन्हात उभी होती. त्यात दोनदा बिबट्या आला. दोनदा ती भुंकली, दोनदा जंगल पळालं. मुकादम तर सगळ्यांच्या पुढे पळाले.

सहाव्या दिवशी जाळीच्या तोंडाशी एक पान खोचलेलं आढळलं. त्यावर लिहिलं होतं: पाच दिवस न सांगता गैरहजर, म्हणून नाव कमी केलं आहे. चार दिवसांत जाळी रिकामी करावी. खाली लिहिलं होतं, मजेत राहा.

तांबूनं पाडसाला उठवून बघितलं. ते उठलं, तीन पावलं टाकली आणि बसलं. उघड्या माळावर तीन पावलांनी कुठं पोचणार ते?

ती तशीच तळ्यावर गेली. तळ्यात कासवआजोबा राहायचे. जंगलातले सगळे तंटे तेच सोडवायचे. त्यांनी पान वाचलं. सावकाश वाचलं.

"न्यायाच्या खडकावर सुनावणी घेतो," ते म्हणाले.

"कधी, आजोबा?"

"मी आत्ता निघालो तर चौथ्या दिवशी पोचेन."

"चौथ्या दिवशी तर जाळी सोडायची आहे."

"म्हणून तर आत्ता निघतो," असं म्हणून ते निघाले. तीन दिवस तांबू वाटेतले काटे बाजूला करत त्यांच्यापुढे जायची, मग पाडसाला बघायला पळत यायची, की परत काटे बाजूला करायला.

चौथ्या दिवशी सगळं जंगल खडकापाशी जमलं. सुनावणीच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही, असा त्या जंगलाचा रिवाज होता. त्यामुळे बिबट्याही आला होता. खडकाच्या सावलीत आडवा होऊन ऐकत होता. त्याला तंटे ऐकायची आवड होती.

मुकादमांनी सागाचं पान पुढे केलं. "हे बघा. पाच दिवस, एकही भोक नाही. आम्ही बाईंच्या विरोधात नाही हो. त्यांचं मन बरं नाही, त्यांनी विश्रांती घ्यावी. आमच्या जाळीत नाही, एवढंच."

"त्या पाच दिवसांत बिबट्या आला तेव्हा भुंकलं कोण?" आजोबांनी विचारलं.

"कोणीतरी भुंकलं असेल. पानावर तशी नोंद नाही."

"तुम्ही पळालात ना?"

"मी फिरायला निघालो होतो."

आजोबांनी झिपरीला बोलावलं. "बाळ, कशी आहेस?"

"मजेत," झिपरी म्हणाली. रोजची सवय.

"बिबट्या आला त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"झाडाच्या शेंड्यावर."

"का गेलीस?"

झिपरीनं मुकादमांकडे बघितलं. तांबूकडे बघितलं नाही. "वारा खायला," ती म्हणाली.

"कोणाचं भुंकणं ऐकलंस?"

"शेंड्यावर वाऱ्याचा आवाज फार असतो, आजोबा."

तांबू सूर्याकडे बघत होती. तो डोंगराला टेकायला चार बोटं राहिली होती. तो टेकायच्या आत जाळी सोडायची होती.

"आणखी कोणी साक्ष देणार आहे का?" आजोबांनी विचारलं. मोरांनी पिसं नीट केली. सशांना एकदम गवत दिसलं.

तेव्हा सावलीतून जांभई ऐकू आली.

"मी देतो," बिबट्या म्हणाला. "मुकादमांच्या बाजूनं."

मुकादमांना बरं वाटलं. इतक्या मोठ्या जनावराचा पाठिंबा त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

"ही बाई नोकरीत नकोच," बिबट्या सांगू लागला. "मी लांबच्या ओढ्याला असतो तेव्हाच हिला वास येतो. त्या पाच दिवसांत मी दोनदा आलो, दोनदा उपाशी गेलो. हिचाच आवाज तो. रात्रंदिवस माझ्या कानात असतो, मी विसरेन होय? त्यापेक्षा बाकीची मंडळी किती चांगली. सकाळी एका रांगेत उभी असतात, पाठ माझ्याकडे असते आणि सगळी मजेत असतात. मजेत असलेलं जनावर मऊ लागतं. मुकादमांचं काम मला मनापासून आवडलेलं आहे. असाच मुकादम राहावा."

ज्या सशांना गवत दिसलं होतं त्यांना आता ते गिळेना.

"मुकादम, तुम्हाला काही म्हणायचं आहे?" आजोबांनी विचारलं.

"साक्षीदारानं फार आपुलकीनं सांगितलं," मुकादम हळूच म्हणाले.

कासवआजोबा आयुष्यात पहिल्यांदा घाईनं बोलले. "जी हजर नव्हती तिच्यामुळे बिबट्या दोनदा उपाशी राहिला, असं होत नाही. ती हजर होती. हजेरी कामाची असते, तोंडावरच्या हसण्याची नसते. नाव कमी केलं ते चूक. तांबू कामावर आहे. जाळी तिची. आणि पहारा जाळीच्या तोंडाशी. तिनं मागितला होता तेव्हाच द्यायचा होता."

सूर्य दोन बोटं उरला होता. सगळे पळत घरी गेले, कारण रिवाज मावळतीपर्यंतच होता.

तांबूचं धडधडणं त्यानं थांबलं का? नाही हो मुलांनो. असं निकालानं थांबत नाही ते. पण पाडस डोळ्यांसमोर होतं. तिसऱ्या दिवशी तिनं तोंडातलं गवत गिळलं.

झिपरी फांदीवरून करवंदं टाकून गेली. तांबूनं अर्धी खाल्ली आणि अर्धी तिच्यासाठी बाजूला ठेवली.

आणखी चार दिवसांनी भर दुपारी जाळीपाशी खुसपुस झाली. मुकादम उभे होते. इकडेतिकडे बघत होते.

"तांबूबाई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ते छातीत धडधडतं म्हणालात ना, ते डाव्या बाजूला की मधोमध?"

"मधोमध. वर गळ्यापर्यंत येतं."

"हां," मुकादम म्हणाले. "माझ्या एका ओळखीच्यांना तसंच होतं."

तांबूनं त्यांच्याकडे बघितलं, मग थोडी सरकली आणि जागा केली.

"बसा, साहेब. पण काटे खाली करून बसा. पोर झोपलंय."

तात्पर्य: मन ठीक नसेल तर ते वरिष्ठांना कधी सांगू नये. सांगायचंच असेल, तर आपल्या कामामुळे उपाशी राहिलेला एखादा बिबट्या आधी साक्षीला बघून ठेवावा. सोबत काम करणाऱ्यांवर अवलंबून राहू नये, ते मजेत असतात.