गणपतमामाची प्रवेश परीक्षा

मोखाड्याचा गणपतमामा कॉलेजांची परीक्षा घेतो. तोंडी परीक्षा, तीही त्यांच्याच आवारात.

मामा मोखाडा-जव्हार जीप चालवतो. घरात दोघंच, तो आणि लहानपणापासून त्याच्याकडे वाढलेली भाची मंगल. बारावी सायन्सला ती माझी विद्यार्थिनी. हुशार पोर, पण नेमकी सीईटीच्या दिवशी तापाने फणफणली. मी म्हटलं, "डी.फार्मला सीईटी लागत नाही, मामा. बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो."

मला वाटलं, खूश होईल. उलट त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परीक्षा न घेता घेतात? मंग त्यांच्यातच काय तरी खोट असनार, मॅडम. ते आपली घेत नाय ना, आपन त्यांची घेऊ."

झालं! ऑनलाइन अर्जात कॉलेजांची नावं भरायची होती, त्याआधी दर रविवारी आमची वरात निघू लागली. मी का गेले? मामाला नाही म्हणणं तालुक्यात कुणाला जमलेलं नाही.

पहिला प्रश्न ठरलेला. "एप्रिलात होस्टेलच्या नळाला पानी असतं का?" मग, "पोर आजारी पडली तर दवाखान्यात कोन नेतं?" मग मेसमध्ये शिरून भाताचं शीत बोटांत चिरडून बघायचं. एक प्राचार्य हौसेने प्रयोगशाळा दाखवायला निघाले, तर मामा म्हणाला, "बाटल्या ऱ्हाऊ द्या, सायेब. भांडी दाखवा." भांडी चकाचक निघाली, तरी कॉलेज नापास. का, तर फाटकावरचा वॉचमन हसत नाही! दुसऱ्याच्या आवारात आंब्याचं झाड नव्हतं. नाशिकच्या कॉलेजात तर काहीच खोट सापडेना, तेव्हा मामाने तिथला चहा पिऊन "आलं जास्त" असा शेरा मारला.

मुदत संपायला एक दिवस उरला, तरी अर्जात एकही नाव नाही. पोरीचं वर्ष वाया जाणार म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मंगलच म्हणाली, "मामा, कॉलेज लांब असलं का नापासच होतं. मला शिकायचंय. जाऊ दे ना मला."

एरवी कुणाला बोलू न देणारा माणूस खाली मान घालून बसला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"खरं हाये," तो शेवटी म्हणाला. "तू गेल्यावर घरात मी बोलू कोनाशी?" मग उपरण्याने नाक पुसलं. "भर. नाशिकचं भर. पानी बरं होतं तिथलं."

मंगलला तिथेच प्रवेश मिळाला. मामा तिला सोडून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जव्हारला जायचं होतं. जीप खच्चून भरलेली, मागे दोघं लटकलेले, आणि मामाच्या शेजारची सीट मात्र रिकामी. मी चढायला गेले, तर त्याने हात आडवा केला.

"मॅडम, मागं बसता का? हितं मंगल बसायची. चार दिवस ऱ्हाऊ द्या तशीच."

मी मागे गेले आणि एका आजीच्या कोंबड्यांशेजारी अंग चोरून बसले.