बारा किलोमीटरपलीकडची हिरडेवाडी

मागे वर्षभर हिरडेवाडी बारा किलोमीटरपर्यंत असायची, त्यापुढे नसायची. धुक्यामुळे किंवा डोंगर आडवा आल्यामुळे दिसत नसे, अशातला प्रकार नव्हता. बारा किलोमीटरचा दगड ओलांडला की खुद्द वाडीतला माणूससुद्धा आपण कुठून निघालो ते विसरायचा, आणि परतताना त्याच दगडापाशी त्याला घर, गोठा, बांधावरची भांडणं, सगळं पुन्हा आठवायचं. त्यामुळे तिथली माणसं बाहेर पडताना खिशात चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीत गावाचं नाव, स्वतःचं नाव, काय काम आहे आणि परतीची एसटी किती वाजता, एवढं लिहिलेलं असायचं.

यात भुताटकी नव्हती. दोष नकाशाच्या प्रोग्रामचा होता. मला तो ठाऊक असण्याचं कारण असं की जिल्ह्याच्या नकाशा कक्षात प्रोग्राम बिघडला की दुरुस्त करायला मीच बसायचो. बावीस वर्षं बसलो. लोकांना अजून वाटतं की गाव पाहून नकाशा काढतात. ते पूर्वी. आता नकाशा दाखवेल तेवढंच गाव असतं.

चिमाजी गवारी पहिल्यांदा आमच्या कक्षात आले तेव्हा साठ किलोमीटर प्रवास करून आले होते. टोपी सरळ केली, समोरच्या खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय काम काढलंत, मामा?" मी विचारलं.

"थांबा, बघतो," असं म्हणून त्यांनी खिशातली चिठ्ठी उघडली आणि बोट ठेवून वाचली. "मी चिमाजी गवारी, राहणार हिरडेवाडी. माझी पोरगी सुवर्णा वेळखेडला दिली आहे. तिला माहेर आठवत नाही. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण आहे, माहेरी आणायचं. नकाशावाल्या साहेबांना सांगून वाडी लांबून दिसेल असं करून घ्यायचं. एसटी साडेतीनला."

"म्हणजे तुम्हाला मुलगी आहे."

"असंल," ते म्हणाले. "मला तर काय आठवत न्हाय. पर खाली सही माझीच हाय."

मी हिरडेवाडीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. तक्त्यात शोधलं तर निघालं. अक्षांश, रेखांश, लोकसंख्या एकशे नव्व्याण्णव, सगळं जागच्या जागी. नकाशावर मात्र त्या ठिकाणी नुसता हिरवा डोंगर. मी प्रोग्राम बंद करून उघडला. संगणक बंद करून उघडला. गावांचा लेअर चालू आहे की नाही ते पाहिलं, चालू होता. नव्वद टक्के दुखणी एवढ्यावर बरी होतात. हे झालं नाही. मग मी झूम करत त्या डोंगराच्या जवळजवळ जाऊ लागलो. एकास पंचवीस हजार या मापाला पोचलो आणि पडद्यावर टपकन एक ठिपका आला. शेजारी नाव : हिरडेवाडी.

"त्या खालच्या अंगाच्या हिरड्यावर वीज पडली," मागून आवाज आला. "पार जळाला. बाकीची झाडं हायेत."

मी वळून पाहिलं. चिमाजी उठून उभे राहिले होते. मघाचा अनोळखी, सभ्य चेहरा गेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझीच पोरगी हाय वो ती, सायेब," ते म्हणाले. "एकुलती एक."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न वाडीतच झालं, वऱ्हाड आनंदाने गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सुवर्णा फोनवर बोलत होती. आप्पा, आईला सांगा, एवढं बोलली आणि थांबली. मग म्हणाली, आपण कोण बोलताय? तेव्हापासून वर्ष झालं.

"तुम्ही तिच्या घरी गेला नाहीत?"

"गेलतो की. मलाबी तिथं काय आठवत नव्हतं. चिठ्ठीवर पत्ता व्हता म्हून गेलो. पानी मागितलं. तिनं पानी दिलं, च्या केला. मी इचारलं, बाई, तुझं माहेर कुठलं? ती म्हनली, मला माहेर न्हाय, बाबा. मी म्हनलं, अरेरे." त्यांनी टोपीने डोळे पुसले. "परत येताना दगडापाशी समदं आठावलं. तिथंच खाली बसलो. एसटी निघून गेली."

सासरची माणसं चांगली होती. बिनमाहेरची पोर म्हणून सासू तिला जास्तच जपत होती आणि बाळंतपण स्वतःच करणार होती. इकडे हिरडेवाडीत सुवर्णाच्या आईने डिंकाचे लाडू करून दोन डबे भरून ठेवले होते, आणि ते लाडू ज्या मुलीसाठी होते तिला आपल्याला आई आहे हेच माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी एका धरणाचा नकाशा पाहिजे होता. ठिपका पडद्यावरून गेला की माझंही होणार होतं ते मला कळलं होतं, म्हणून आधी एक चिकटकागद लिहून संगणकाला लावला : हिरडेवाडी आहे. स्वतः पाहिली. दुरुस्त कर. मग झूम मागे घेतला. चिमाजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि हात जोडले.

"येतो, सायेब. काय काम व्हतं कुनास ठाव."

पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी तो कागद वाचायचो आणि माझ्याच अक्षरात हे कुणी लिहिलं म्हणून चक्रावून जायचो. पण कागदावर दुरुस्त कर असं होतं, म्हणून दुरुस्त करत होतो. तिसऱ्या दिवशी दोष सापडला. दर सकाळी दहा वाजता आमच्या प्रोग्राममध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, आपोआप चालायची. माझ्या आधीच्या कुणीतरी ती लिहिली आणि बदली घेऊन तो मोकळा झाला. जिल्ह्यातली सगळी गावं एकदम दाखवली तर नावावर नाव चढून नकाशा काळाकुट्ट होतो, म्हणून दोनशेपेक्षा कमी वस्तीचं गाव बारा किलोमीटरपलीकडून दाखवायचं नाही, असं त्याने त्यात घातलं होतं. नियम वाईट नव्हता. हिरडेवाडीत माणसं दोनशे होती. सुवर्णा नांदायला गेली आणि एकशे नव्व्याण्णव राहिली.

मी आमच्या कक्षप्रमुख टिपणीस मॅडमकडे गेलो. स्क्रिप्ट बदलायला त्यांची परवानगी लागत असे.

"कोणत्या गावासाठी?" त्यांनी विचारलं.

मी कागदावर बघून नाव सांगितलं.

"नकाशावर दाखवा."

"तीच अडचण आहे, मॅडम. ते दिसत नाही."

"खरवंडीकर, जे गाव नकाशावर नाही त्याचा प्रस्ताव मी समितीपुढे कसा ठेवू? आधी ते दिसू द्या, मग दिसण्यासाठीचा अर्ज घेऊन या."

त्या चिडल्या नव्हत्या. त्यांचं बोलणं मला पटलंही. घोडं मात्र तिथेच अडलं.

एक उपाय माझ्या हातात होता. चालू प्रोग्राममध्ये मर्यादा हाताने काढून टाकता येत होती. प्रोग्राम बंद होईपर्यंत ती निघालेली राहिली असती. मी हिरडेवाडीला पोस्टाने पत्र टाकलं की येत्या गुरुवारी साडेअकरा वाजता वाडी दिसू लागेल, तयार राहा. पत्र वाहून नेणाऱ्या पोस्टमनलाही ते गाव दगडापाशीच आठवत असणार, पण पोचलं. गुरुवारी साडेअकराला मी मर्यादा काढली. सगळ्या जिल्ह्याचा नकाशा नावांनी भरून गेला आणि संगणकाचा पंखा घरघरू लागला. एक वाजायला वीस मिनिटं असताना पडदा पांढरा पडला. प्रोग्राम हँग झाला. मी तो बंद करून पुन्हा उघडला, आणि गुरुवारी आपण जेवायला न जाता काय करत होतो ते मला आठवेना.

सोमवारी चिमाजी पुन्हा आले. या वेळी चिठ्ठी दोन पानी होती. त्यांनी ती शांतपणे वाचायला घेतली आणि मीही शांतपणे ऐकू लागलो. तिसऱ्याच कुणाची तरी हकिगत चालली आहे असं दोघांनाही वाटत होतं.

"गुरुवारी साडेअकरा वाजता सुवर्णाचा फोन आला. आप्पा आप्पा म्हणून रडली. आईशी बोलली. म्हणाली, मी आत्ताच निघते. पिशवी भरली, सासूने एसटीत बसवून दिलं. पाऊण वाजता मी फोन लावला की कुठवर आलीस. ती म्हणाली, राँग नंबर. पुढे कंडक्टरने सांगितलं की बाई वाटेतच उतरल्या. पोट एवढं, हातात पिशवी, उन्हात उभ्या होत्या. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाल्या, तेच आठवत नाही. उलटी गाडी पकडून परत गेल्या."

हे ऐकत असताना मी सवयीने त्या हिरव्या डोंगरावर झूम करत होतो. ठिपका आला तसे चिमाजी वाचायचे थांबले. कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. माझ्याकडेही बघेनात.

त्या क्षणी मला स्वतःची जी लाज वाटली ती आजही जशीच्या तशी आठवते, कारण आता मी बारा किलोमीटरच्या आत राहतो. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने चालू गाडी मध्येच सोडायची नसते. मी प्रत्यक्ष पाहणीचा अर्ज लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवला, डब्याच्या बाईंना उद्यापासून डबा नको म्हणून कळवलं आणि साडेतीनच्या एसटीत चिमाजींच्या शेजारी बसलो. आपण कुठे चाललोय हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिकीट चिठ्ठी बघून काढलं. दगड आला आणि आम्ही एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

"एक माणूस कमी आहे ना?" मी म्हणालो.

"व्हय."

"मग मी राहतो."

चिमाजींनी माझी बॅग उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

रहिवासी दाखल्यासाठी ग्रामसेवकाने तीन रात्री मुक्कामाची अट सांगितली. मी तीन रात्री गवाऱ्यांच्या ओट्यावर झोपलो. चौथ्या दिवशी नोंद झाली. पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजायच्या आधी सगळी वाडी चिमाजींच्या अंगणात जमली होती. सुवर्णाची आई डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. दहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"आप्पा," सुवर्णा म्हणाली, "मी पिशवी भरू का?"

"भर," चिमाजी म्हणाले. "या टायमाला कुनी उतरवत न्हाय तुला."

ती दुपारच्या गाडीने आली. नवरा आणि सासू सोडायला आले होते. सासूबाई सुवर्णाच्या आईच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या की विहीणबाई, वर्षभर तुमचं नावच तोंडात येईना, तुम्हाला कसं तोंड दाखवू. मुलगी झाली. बाळाची नोंद बापाच्या गावी व्हायची असल्याने आमचा आकडा दोनशेच राहिला. सव्वा महिन्याने सुवर्णा परत निघाली तेव्हा बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही आहात ना इथे?"

"आहे," मी म्हणालो.

माघात वरच्या आळीत एक मुलगा जन्मला आणि आम्ही दोनशे एक झालो. मी बॅग भरली. कोंडाबाई आजी ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. वय एक्क्याण्णव. त्यांनी बॅगेकडे पाहिलं.

"नकाशावाले, लई घाई नका करू," त्या म्हणाल्या. "आज हाय मी. पर माझा काय भरवसा?"

हिशोब बरोबर होता. मी बॅग खुंटीला लावली.

मॅडमचं एकदा पत्र आलं. प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल अजून आला नाही, कधी देता, असं विचारलं होतं. पाहणी चालू आहे, असं मी कळवलं. ते खोटं नव्हतं. जिल्ह्याच्या गावाला मी ज्या प्रभागात राहत होतो तिथे एक्केचाळीस हजार माणसं होती. मी निघून आल्याने तिथलं काहीही दिसेनासं झालं नाही.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला वाडीत कुणी फारसं बोलत नाही. बायका पाण्याच्या कळशा खाली ठेवतात, कोंडाबाईंना कुणीतरी बाहेर आणून बसवतं, मी दाढी अर्धी ठेवून अंगणात येतो. दोन मिनिटांनी चिमाजींचा फोन वाजतो.

"आप्पा," सुवर्णा म्हणते, आणि ठेवून देते. मग आम्ही सगळे आपापल्या कामाला लागतो.