रांग मोकळी झाली

समोरच्या सरकारी दवाखान्याची रांग फाटकाबाहेर आली, की करदातेकाकांचा गुडघा जास्तच ठणके. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण "कर आम्ही भरायचा आणि फुकटचे उपचार यांनी घ्यायचे!" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की गल्लीने त्यांना हेच नाव पाडलं. रस्ता ओलांडला की गुडघ्याला मशीनचा शेक मिळे, तोही फुकट. त्या शेकावरच काकांचं हिंडणंफिरणं चाललं होतं.

"यातले निम्मे सीमेपलीकडून चोरून आलेत," काका खिडकीतून म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?" काकूंनी विचारलं.

"चेहऱ्यावरून!"

"चेहऱ्यावरून माणूस कळत असता, तर मी या घरात आले असते का?"

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि मेहुण्याला गाठलं. मेहुणा पोलिसात हवालदार.

"तू काही करू नकोस. नुसता फाटकाशी उभा राहा आणि मिशीवरून हात फिरव."

मेहुण्याने हात फिरवला मात्र, रांगेत कुणीतरी ओरडलं, "कागद तपासतायत!" बांधकामावरचे मजूर पळाले. त्यांच्या बायका पोरं काखोटीला मारून पळाल्या. त्यांच्या मागोमाग शेजारच्या शिंपीणबाई निघाल्या, जन्मापासून याच गल्लीतल्या.

"अहो, तुम्ही कशाला पळताय?" काकांनी विचारलं.

"सगळे पळतायत म्हणून! शिवाय माझे कागद उंदरांनी खाल्लेत!"

शेवटी दवाखान्याचा झाडूवालाही झाडू टाकून गेला.

मग काय, काकांची चैन झाली. गेलं की शेक, हवा तेवढा वेळ. मशीन जणू घरचंच. डॉक्टरीणबाई रिकाम्या बाकांकडे बघत जांभया देत.

एके सकाळी वरचे साहेब तपासणीला आले.

"पेशंट कुठायत?"

"मी आहे ना!" काकांनी छाती पुढे काढली. "बाकीचे फुकटे घालवले."

साहेबांनी काकांचा गुडघा नीट न्याहाळला. "एवढ्या एका गुडघ्यासाठी अख्खा दवाखाना? काका, लोकांच्या कराचा पैसा आहे हा!"

दवाखान्याला कुलूप लागलं. मशीन पुलापलीकडच्या दवाखान्यात गेलं.

काका हादरले. लंगडत, मेहुण्याच्या खांद्याचा आधार घेत बांधकामावर पोचले. "या हो परत! कुणाला खोकला, ताप, काहीतरी असेलच की!" पण मेहुणा ड्युटीवरून तसाच खाकीत आला होता. मजूर मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पसार झाले. मुकादम काकांच्या नावाने खडे फोडत बसला.

"झाली का रांग मोकळी?" काकू म्हणाल्या.

शेवटी सगळे कागद पिशवीत भरून काका बसने पुलापलीकडे गेले आणि रांगेच्या शेपटाला उभे राहिले. पुढचे आजोबा वळले.

"कुठून आलात?"

"पुलापलीकडून."

"बघा!" आजोबा रांगेला म्हणाले. "कर आम्ही भरायचा आणि शेक यांनी घ्यायचा!"

सगळी रांग काकांचा चेहरा निरखू लागली. कागद दाखवावेत म्हणून काकांनी पिशवीत हात घातला, तेवढ्यात फाटकाशी एक खाकीवाला येऊन उभा राहिला आणि त्याने सहज मिशीवरून हात फिरवला.

सगळ्यात आधी करदातेकाका पळाले, दुखऱ्या गुडघ्यासकट. पिशवी रांगेतच राहिली.