पंधरा फुटांची रेघ

"पंधरा फूट," मर्ल होस्टेटर म्हणाला आणि काट्याने अंड्याचा बलक फोडला. "समोर कुणी नाही, आडवा हात घालणारं कुणी नाही. उभं राहायचं आणि टाकायचं. आणि हा सात फुटी घोडा दहातले सहा चुकवतो."

घोडा म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर, गॅरेट ऑस्टरमन. आदल्या दिवशी त्याचे शेवटचे दोन फ्री थ्रो हुकले आणि मॅच एका पॉइंटने गेली. इंडियानातल्या त्या लहानशा गावात अशा सकाळी दुसरा विषय निघत नाही. आर्लीनच्या हॉटेलातल्या खिडकीजवळच्या टेबलावर तर नाहीच.

"म्हणून काय त्याला बॉलच द्यायचा नाही?" लोवेल बेक म्हणाला. हा सुतार मर्लचा चाळीस वर्षांचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा विरोधक. "आपलं सगळं आक्रमण त्याच्यावर उभंय. बॉल आत गेला की दोघंतिघं त्याच्या अंगावर धावतात. बाहेरचे मोकळे होतात."

"मोकळे होऊन रिंगमागच्या बोर्डावर नुसते बॉल आपटतात."

"मग तू मार की."

"मारतोच. रोज सकाळी, गॅरेजसमोर. दहातले नऊ. वय एकाहत्तर, खांदा शिवलेला."

आर्लीन कॉफी ओतायला आली होती. "हे मी कितीतरी वर्षं ऐकतेय," ती म्हणाली. "एकदा दाखव तरी."

झालं. शनिवारी, शाळेच्या जिममध्ये, दहा फ्री थ्रो असं ठरलं. सात गेले तर लोवेलने सगळ्यांसमोर कबूल करायचं की मर्लला खेळातलं कळतं. कमी गेले तर सीझन संपेपर्यंत मर्लने या टेबलावर खेळाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

लोवेलला ही शिक्षा गमतीची वाटली होती. मर्लला नाही. त्याची बायको जोलीन जाऊन चौदा महिने झाले होते. घरी बोलायला कॉफीचं मशीन होतं आणि ते फक्त गुरगुरायचं. दिवसातलं सगळं बोलणं तो याच टेबलावर उरकायचा, आणि ते सगळं बास्केटबॉलचं असायचं. म्हणून तो त्या आठवड्यात रोज गॅरेजसमोर उभा राहिला, थंडीतसुद्धा. दहातले नऊ. एकदा दहाही.

शनिवारी पहिला बॉल रिंगच्या अलीकडेच पडला. दुसराही. तिसरा तर जाळीलासुद्धा लागला नाही. दहा टाकून झाले तेव्हा दोन गेले होते, त्यातला एक बोर्डाच्या कृपेने.

"खांदा दुखतोय का रे?" लोवेलने विचारलं.

"खांद्याला काही झालेलं नाही. रिंग लांब आहे. माप."

लोवेलने ट्रकमधून टेप आणली. "बोर्डापासून पंधरा फूट. केसभरही जास्त नाही."

मर्लने बॉल उचलून काखेत मारला. "मग माझ्या घरी चल," तो म्हणाला.

गॅरेजसमोर लोवेल गुडघ्यांवर बसला आणि त्याने टेप लावली. मग पुन्हा लावली. "तेरा फूट. ही रेघ कुणी मारली?"

"जोलीनने. दर वसंतात तीच नव्याने मारायची. मी रिंगकडे बघतो, पायाकडे कोण बघतंय?"

लोवेलने रेघेमागचं काँक्रीट हाताने झाडलं. तिथे काँक्रीटसारख्याच राखाडी रंगाचा एक पट्टा होता. त्याने खिशातल्या चाकूने तो खरवडला. खाली पांढरी रेघ निघाली. तिच्यामागे चार इंचांवर आणखी एक पट्टा. असे सहा.

"खांद्याचं ऑपरेशन कधी झालं तुझं?"

"सात वर्षं झाली."

"तेव्हापासून दर वर्षी चार इंच पुढे," लोवेल म्हणाला. "सरळ रेषेत. माझ्याकडे कामाला हवी होती."

मर्ल गॅरेजच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "तरीच दर उन्हाळ्यात म्हणायची, मर्ल, तुझा हात सुधारतोय."

"पैज सोडून देऊ या."

"नाही. हरलो म्हणजे हरलो."

"बरं. मग ही रेघ पुन्हा पंधरावर मारून देतो."

"तिला हात लावायचा नाही."

सोमवारपासून मर्ल टेबलावर येऊन बसू लागला, पण तोंडातून चकार शब्द काढीना. लोवेलची पंचाईत झाली. विरोध करायला कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही बाजू त्यालाच लढवाव्या लागत. गुरुवारी तर कळस झाला. आदल्या दिवशी ऑस्टरमनचे चार फ्री थ्रो हुकले होते.

"बाकावर बसवा त्याला," लोवेल म्हणाला. "एवढा मोठा गडी, आणि एक साधा फ्री थ्रो जमत नाही?"

मर्लने आर्लीनच्या खिशातलं पेन घेतलं, कागदी रुमालावर लिहिलं आणि रुमाल पुढे सरकवला.

त्याला पंधरा फुटांवरून मारावं लागतं.

लोवेलने वाचलं. "हे बोलणंच झालं," तो म्हणाला.

मर्लने रुमाल परत ओढला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

शनिवारी तू टाक. माझ्या घरी नाही, शाळेत.