चपाती जेवत नाही

अरे मुसोके, हातातलं ठेव खाली आणि ऐक. नाही, आधी माझं ऐक, मग तुझं सांग. तू कंपाला सोडून एम्बालेला गेलास आणि इकडे माझ्या घरात एक पाल आली. हो, पाल. भिंतीवरची नाही रे, त्या तर आधीपासून आहेतच. ही काचेच्या पेटीतली. आणि तीही सेकंडहँड.

सेकंडहँड फोन घेतो आपण, सेकंडहँड जीन्स घेतो, पण पाल? असं तू विचारणार. मीही विचारलं असतं. पण विचारायची वेळ आली तेव्हा मी मॅच बघत होतो. रेस्टी शेजारी बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि शेवटी म्हणाली, "मग ठेवशील ना?" समोर पेनल्टी. मी म्हणालो, "ठेवीन की." (माझे सगळे मोठे निर्णय पेनल्टीच्या वेळी झालेत. पेनल्टी हुकली, हे वेगळं सांगायला नको.)

भानगड अशी की रेस्टी शिकवते त्या शाळेतला एक डच मास्तर कायमचा आपल्या देशी निघाला होता. त्याच्या वर्गात ही पाल चार वर्षं राहिली. पिवळं अंग, वर तपकिरी ठिपके, अगदी आत्ताच तव्यावरून उतरल्यासारखी, म्हणून पोरांनी नाव ठेवलं चपाती. मास्तरला तिला विमानातून नेता येईना. रेस्टीच्या हॉस्टेलात प्राणी चालत नाहीत (मीसुद्धा फाटकापर्यंतच चालतो). उरलो मी.

पेटी मांडीवर घेऊन बोडा मोटरसायकलवर मागे बसून घरी आलो. बोडावाला मागे वळून वळून बघत होता, दोनदा मरता मरता वाचलो. दारात घरमालकीण उभी, टेंडोची आई. तिला तर तू ओळखतोसच.

"किगोंगो, हे काय आणलंस?"

"पाल आहे."

"तुझ्या भिंतीवरच्या संपल्या का?"

"नाही, ही वेगळी आहे. हिला पापण्या आहेत."

"मग?"

"आणि ही भिंतीवर चढत नाही."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे बाकीच्यांना जमतं ते हिला जमत नाही, म्हणून तिला काचेच्या घरात ठेवलंय आणि खाली शेगडी लावलीय?"

ती शेगडी नव्हती, गरम चटई होती. पण मी वाद घातला नाही. (भाडं थकलेलं नसलं तरी टेंडोच्या आईशी मी वाद घालत नाही.)

पेटी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. रेस्टी आली, तिच्यासमोर वाकून बसली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बघ, पुढच्या रविवारी आत्या येणारेय."

आत्या येणार म्हणजे काय ते तुला माहितीय. आपल्याकडे मुलीच्या बापाचं मन वळवायचं तर आधी त्याच्या बहिणीचं वळवावं लागतं. आत्यानं मान हलवली तर पुढं मुलीच्या घरी जायचं. नाही हलवली तर रेस्टी आणि मी आयुष्यभर हॉस्टेलच्या फाटकावर.

"आत्या तुझी खोली बघेल, तुला बघेल," रेस्टी म्हणाली, "आणि मी तिला चपातीबद्दल सांगितलंय. दुसऱ्याच्या घरातून आलेला जीव तू कसा सांभाळतोस ते तिला बघायचंय. किगोंगो, चपाती धडधाकट आणि जेवती दिसली पाहिजे."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो.

चपाती जेवेना.

मास्तरनं जाताना अळ्यांचा एक डबा दिला होता. एक अळी चिमट्यात धरून तिच्या नाकासमोर नाचवली. तिनं बघितलं, पापण्या मिटल्या, आणि पाठ फिरवून दगडाखाली गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तिला पपई दिली, उकडलेल्या केळ्याचा गोळा दिला, शेंगदाण्याच्या रश्शात बोट बुडवून दिलं. तिनं रश्शाकडे असं बघितलं जसा मी ऑफिसातल्या साहेबाच्या विनोदाकडे बघतो. चौथ्या दिवशी मास्तरचा कागद नीट वाचला (चौथ्या दिवशी!). त्यात पहिल्याच ओळीत होतं की ती फक्त जिवंत किडे खाते. दुसऱ्या ओळीत होतं की पोटाला ऊब नसेल तर तिला अन्न पचत नाही, म्हणून गरम चटई चोवीस तास चालू हवी.

चटईला हात लावला. गार. तिचा प्लग मी ज्या सॉकेटमध्ये लावला होता, ते सॉकेट गेल्या ईस्टरपासून बंद आहे.

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. चार दिवस ती बिचारी गारठून बसली होती, आणि मी तिला रस्सा चाटवत होतो. प्लग बदलला. तासाभरानं ती हळूच बाहेर आली, उबदार जागेवर पोट टेकून पसरली आणि पेटीच्या काचेतून दाराकडे बघत राहिली. दार उघडलं की मान वर. मी दिसलो की मान खाली. कुणाची तरी वाट बघत होती रे ती. आता पाल वाट बघते का, ते मला माहीत नाही. पण मला तसं वाटलं.

तुला सांगितलं नसेल मी कधी, नऊ वर्षांचा असताना मला मसाकाहून काकांकडे शिकायला पाठवलं, तेव्हा मी चार दिवस जेवलो नव्हतो. काकू रागावली नाही, आग्रहही केला नाही. ताट झाकून ठेवायची आणि माझ्या आसपास तिची कामं करत राहायची. पाचव्या दिवशी मी आपणहून झाकण काढलं. का काढलं ते आजही सांगता येणार नाही. तर मीही तेच केलं. ऑफिसातून आलं की पेटीशेजारी खुर्ची टाकून बसायचं. शर्टाला इस्त्री तिथेच, जेवण तिथेच. चिमट्यानं अळी नाचवणं बंद, अळ्या वाटीत ठेवून द्यायच्या. सातव्या दिवशी ती दगडाखालून बाहेर येऊन माझ्या बाजूच्या काचेला लागून झोपली. मी दहा मिनिटं हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

पण जेवली नाही ती नाहीच. डब्यातल्या अळ्यांचे भुंगे झाले, भुंग्यांनी संसार मांडला, आणि चपातीची गुबगुबीत शेपटी बारीक व्हायला लागली. कागदात लिहिलं होतं की ती सगळी चरबी शेपटीत साठवते. म्हणजे तिची शिदोरी संपत आली होती.

रविवार उजाडला. नववा दिवस. आत्या चर्चमधून दुपारी दोनला येणार होती. मला सकाळी सुचलं की आत्ता नाकतोड्यांचा हंगाम आहे! सगळं शहर नाकतोडे तळून खातंय, आणि मी वाटीत भुंगे घेऊन बसलोय. धावत कात्वेच्या बाजारात गेलो. पोती भरभरून हिरवे नाकतोडे, आणि पंख उपटणाऱ्या बायांची रांग.

"किती देऊ?" एक बाई म्हणाली आणि हात चालवायला लागली.

"थांबा, थांबा! पंख काढू नका."

"पाय काढते मग."

"पायपण नको. जिवंत हवेत, उड्या मारणारे."

"अरे, मग खाणार कसा?"

"मी नाही खाणार."

"मग कोण खाणार?"

"पाल."

तिनं हातातलं काम थांबवलं आणि शेजारणीला हाक मारली. "ए, इकडे ये! हा बघ, पालीचा पाहुणचार करतोय." पाच मिनिटांत मी अख्ख्या रांगेचा जावई झालो. त्यांनी मला छोटी बादली भरून दिली, वर जाळी बांधून.

घरी आलो साडेअकराला. पेटीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. बादली उचलली. जाळीची गाठ सोडली. आणि दार वाजलं.

दारात रेस्टी. तिच्यामागे निळ्या गोमेसी झग्यात, खांद्यावरची टोकं ताठ उभी केलेली, आत्या. चर्च लवकर सुटलं होतं.

आणि त्या क्षणी, मुसोके, बादली हातात असताना, मला आठवलं की रेस्टीच्या कुळाचं देवक नाकतोडा आहे.

मला माहीत नव्हतं असं नाही रे! ओळख झाली त्या दिवशी पहिला प्रश्न तोच विचारला होता. तिचं देवक नाकतोडा, माझं अळंबी, चला, लग्न जमू शकतं. हे लोक नाकतोड्याला हात लावत नाहीत, खाणं तर सोडाच. आणि मी त्यांच्या सगळ्यात मोठ्या बाईच्या समोर बादलीभर देवक घेऊन उभा, पालीला भरवायला.

"या ना आत्या, या," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

आत्या खुर्चीत बसली. "बादलीत काय आहे, बाळा?"

रेस्टीनं जाळीतून बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरून बोलून गेलो, "सोडवून आणलेत!"

"काय?"

"कात्वेहून. पोत्यात बघितले आणि राहवलं नाही. म्हटलं, हे तर रेस्टीच्या घरचे. निदान एवढे तरी सोडवावेत. आत्ता सोडणारच होतो."

(हे सगळं एका श्वासात. ऑफिसात गिऱ्हाइकाचं पार्सल हरवलं तरी मला इतकं चांगलं बोलता येत नाही.)

आत्यानं रुमाल काढून डोळे टिपले. "चल," ती उठली. "मिळून सोडू या."

खिडकी उघडली. तिनं बादलीच्या एका बाजूला हात लावला, मी दुसऱ्या, आणि मी सावकाश जाळी उचलली. बाहेर हिरव्या पंखांचा फवारा उडाला. आत्या काहीतरी पुटपुटत होती. मी मनात म्हणत होतो, चपाती, मला माफ कर, तुझं जेवण चाललं बघ.

सगळेच काही बाहेर गेले नाहीत. दोन-तीन खोलीतच घोटाळले. एक माझ्या कॉलरवर बसला, एक दिव्यावर. आणि एक, छोटासा, टुणकन उडी मारून थेट उघड्या पेटीत.

चपातीनं मान उचलली.

ती एक पाय पुढं टाकून थांबली. शेपटीचं टोक थरथरायला लागलं, मांजरीसारखं. कागदात लिहिलं होतं की शिकारीच्या आधी असं होतं, पण मी ते कधी बघितलंच नव्हतं. मी आत्याला विसरलो, रेस्टीला विसरलो. चपाती आणखी एक पाऊल सरकली, आणि खप्प! तोंडातून एक हिरवा पाय बाहेर. तिनं डोळे मिटून तो पायही गिळला.

"खाल्लं!" मी ओरडलो. "रेस्टी, खाल्लं! जेवली! नऊ दिवसांनी जेवली गं!" बादली टाकून मी खोलीत नाचलो. रेस्टीचे दोन्ही हात धरून तिलाही फिरवली. टेंडोची आई खालच्या मजल्यावरून छताला झाडू ठोकायला लागली.

मग माझ्या लक्षात आलं की खोलीत फक्त मीच नाचतोय.

आत्या रुमाल घडी करून पिशवीत ठेवत होती.

"नऊ दिवस?" ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे हे तिच्यासाठी आणले होतेस."

"हो, आत्या."

"आणि सोडवायचं वगैरे?"

मी कॉलरवरचा नाकतोडा अलगद उचलून खिडकीबाहेर सोडला.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "मी खात नाही. म्हणजे माझ्या कुळातले खात नाहीत. बाकी अख्खं शहर खातंय, प्रत्येकाच्या कढईपुढे जाऊन मी रडते का? ही पाल काही माझ्या कुळातली नाही." ती पेटीजवळ वाकली. "कोणाची आहे ही?"

"आधी एका डच मास्तरची होती. आता माझी."

"तुझ्या घरात आहे म्हणजे तुझ्या कुळाची. अळंबी ना तुझं?" तिनं बोट उचललं. "मग हिला अळंबी द्यायची नाही. लक्षात ठेव."

"नाही देणार, आत्या." (चपातीला अळंबी द्यायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, पण मी अगदी गंभीरपणे शब्द दिला.)

आत्या वाकलेलीच होती. चपाती काचेतून तिच्याकडे बघत होती. "लग्न होऊन सासरी गेले तेव्हा मी सहा दिवस नीट जेवले नव्हते," आत्या हळूच म्हणाली. "सासूनं सातव्या दिवशी गावभर सांगितलं की पोरगी माजोरडी आहे. तू काय केलंस रे नऊ दिवस?"

मी सांगितलं. सॉकेटचं, रश्शाचं, भुंग्यांचं, आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचो ते. रेस्टी खाली बघत होती. आत्यानं दिव्यावरच्या नाकतोड्याकडे बोट केलं. "तो मात्र खिडकीतून सोड. शब्द दिलास ना."

दोन कप चहा पिऊन ती गेली. मान हलवली नाही, आडवी नाही की उभी नाही.

आत्ता, अर्ध्या तासापूर्वी रेस्टीचा फोन आला. म्हटलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, मला आधी वाटलं पोरगा भाबडा आहे. नंतर कळलं की खोटारडा आहे. नाकतोडे त्यानं आता दर रविवारी हंगाम संपेपर्यंत एक बादली आणून माझ्यासमोर सोडायचे."

"आणि आपलं?"

"पाल तिला फार आवडली. शांत आहे, दिलेलं मुकाट खाते, घाण एकाच कोपऱ्यात करते. म्हणाली, पुढच्या महिन्यात घरच्यांना भेटायला नक्की घेऊन ये."

"कोणाला? मला?"

"चपातीला. म्हणाली, पेटी धरायला तू आलास तरी चालेल."

आता तूच सांग मुसोके, दारात आत्या आणि हातात बादली, तू असतास तर काय केलं असतंस? आणि 'खरं बोललो असतो' असलं काही म्हणू नकोस. ते रेस्टीचं म्हणून झालंय, आणि तेव्हापासून चपातीही माझ्याकडे तसंच बघतेय.