प्रमोदिनीताईंची दोन मिनिटं

कलासंस्थांना कारभाराची रीत शिकवणारं शिबिर राऊ गावातल्या एका कॉलेजात भरलं, तेव्हा राजेंद्र नगरच्या नाट्यमंडळातून दोघं गेली. एक मंडळाचा सेक्रेटरी आणि कायमचा नायक पुष्कर, आणि दुसऱ्या प्रमोदिनीताई, सव्वीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना त्यांची वाक्यं पुरवणाऱ्या. ताईंना शिबिराची काय गरज, असं तुम्ही म्हणाल. ताईही तेच म्हणत होत्या. पण दोन माणसं हवीतच असा नियम होता, आणि रविवारी सकाळी घरून निघायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

शिकवणाऱ्या अरुंधतीबाई पुण्याहून आलेल्या, वयानं ताईंच्या लेकीएवढ्या. पहिल्याच तासाला त्यांनी संस्थेतली सगळी कामं लिहायला लावली, आणि जे नसलं तरी चालेल त्यावर काट मारा म्हणाल्या. पुष्करनं यादी केली, पेन चावलं आणि ‘प्रॉम्प्टर’वर काट मारली. ताई शेजारीच बसल्या होत्या. निदान वही तरी जरा आड धरावी की नाही माणसानं.

“ताई, बुरा नका मानू,” तो म्हणाला. “आजकल कोण ठेवतं प्रॉम्प्टर? तुम्ही गेटवर तिकिटं बघा, आरामात बसून.”

 ताईंच्या जिवाला लागलं. विंगेतली ती हातभर अंधारी जागा, तिच्याइतकं आपलं असं त्यांना दुसरं काही वाटत नव्हतं, आणि तीच आता चालली होती.

दुपारी जेवायला दाल-बाफले होते. पुष्करनं तुपात बुडवलेले कणकेचे चार बाफले हाणले आणि पहिल्या रांगेत, मंचाच्या अगदी कडेला, डोळे मिटून चिंतनाला बसला. तेवढ्यात अरुंधतीबाईंनी नवं काम काढलं. प्रत्येकानं मंचावर यायचं आणि माइकशिवाय दोन मिनिटं स्वतःविषयी बोलायचं. पहिलं नाव ताईंचं.

आली का पंचाईत. ताईंना अख्खी नाटकं तोंडपाठ, पण उजेडात उभं राहून मोठ्यानं बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या कुजबुजल्या, “मी प्रमोदिनी सप्रे.”

“मी प्रमोदिनी सप्रे,” खालून पुष्कर गरजला.

जित्याची खोड, दुसरं काय. डोळे मिटलेलेच होते, पण ताईंची कुजबुज कानात शिरली की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. सभागृह हसलं. ताई गांगरल्या आणि गांगरून पुढचं बोलल्या, की मी सव्वीस वर्षं विंगेत उभी आहे. तेही तो छाती फुगवून म्हणाला. हे ठरवूनच चाललंय असं वाटून अरुंधतीबाईंनी हातानं ‘चालू द्या’ची खूण केली.

तेव्हा कुठे ताईंच्या ध्यानात आलं, की आज आपल्याला आवाज मिळालाय, आणि तोही चांगला खणखणीत. सकाळपासून साचलेलं ओठांवर आलं.

“पुष्करनं आजवर एकही नाटक पाठ केलेलं नाही.”

“पुष्करनं आजवर एकही नाटक पाठ केलेलं नाही,” पुष्करनं जाहीर केलं, आणि स्वतःचंच नाव ऐकून जागा झाला.

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पुष्कर उठून उभा राहिला, कान लाल झालेले. आता हा चिडणार, तिकिटांचं कामही गेलं, असं ताईंना वाटलं. हसणं ओसरलं तरी तो आपल्या चपलांकडे बघत होता.

“खरं आहे ते,” तो म्हणाला. हे वाक्य ताईंनी दिलेलं नव्हतं. त्यांनी कान टवकारले. “सकाळी मी काट मारली ती गलत मारली. प्रमोदिनीताई नसल्या, तर आमचं मंडळ... तर आमचं मंडळ...”

अडला. सवयीनं त्यानं मान तिरकी करून ताईंकडे पाहिलं, आणि त्याच्याबरोबर सगळी सभा पाहू लागली. आपल्याच कौतुकाचं वाक्य आपणच कसं पुरवायचं, ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण समोर नट अडलाय आणि आपण गप्प, हे काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

“बंद पडेल,” त्या हळूच म्हणाल्या.

“बंद पडेल,” पुष्कर म्हणाला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.